पहाटेचा आकडा

ज्ञानेश्वरीनं कोपरापर्यंत हात पाण्यात घातला आणि बोटभर उंचीची काचेची बाटली टाकीच्या मध्यावर नेऊन आडवी केली. बाटली भरली की पाण्याखालीच तिला बूच बसवायचं. आत एकही बुडबुडा राहता कामा नये. राहिला तर पाण्यातल्या प्राणवायूत बाहेरच्या हवेतला मिसळतो आणि आकडा खोटा येतो. तिनं बाटली बाहेर काढून ट्यूबलाइटसमोर उलटीसुलटी करून पाहिली. बुडबुडा नव्हता.

मग औषधांचे थेंब. पहिल्या दोन कुप्यांमधल्या थेंबांनी पाणी गढूळ, तपकिरी झालं. तिसरीतल्या थेंबांनी ते निवळून फिक्या चहासारखं पिवळं झालं. चौथी कुपी मात्र सावकाश वापरायची. एक थेंब टाकायचा, बाटली हलवायची, बघायचं. जितक्या थेंबांनी पिवळा रंग पार निघून जाईल, त्याच्या निम्मा आकडा.

चौदाव्या थेंबाला रंग गेला.

समोर दिवाणावर तिच्या सासूबाई, पुतळाबाई, मांडीवर सूप घेऊन सुक्या जवळ्यातला कचरा निवडत होत्या. त्यांनी मान वर न करताच विचारलं, 

"किती आला?"

"सात. चांगला आहे."

"चांगला हाय तं तोंड कशाला पाडलंस?"

ज्ञानेश्वरीनं स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरावर, आजच्या चौकटीत पेन्सिलीनं सात लिहिलं. इतर घरांत त्या चौकटीत दुधाचा खाडा लिहितात. या घरात दहा महिन्यांपासून पाण्यातला प्राणवायू लिहिला जात होता आणि केतन, म्हणजे तिचा नवरा, येणाऱ्या-जाणाऱ्याला तो मोठ्या कौतुकानं दाखवायचा.

तोंड पडायला कारण होतं. टाकीखालच्या लाकडी कपाटावर पाण्याचे ओघळ वाळून पांढरट झाले होते. या आठवड्यात तिसऱ्यांदा. ती रात्री दहाला टाकी बघून झोपायची तेव्हा कपाट कोरडं असायचं आणि सकाळी साडेसहाला उठायची तेव्हा लादीवर कुणीतरी घाईनं फडकं फिरवल्याच्या खुणा असायच्या. घरात माणसं तीन. त्यातला केतन या पंधरवड्यात न्हावा शेव्याला कंटेनर यार्डात रात्रपाळीला होता. म्हणजे हिशेब सोपा होता.

"आई, टाकीत काही टाकलं होतं का तुम्ही?"

"नाय गो." पुतळाबाईंनी सूप पाखडलं. "एकदा टाकला तवाचा अजून निघतंय."

ते खरंच होतं. टाकी या घरात आली त्या पहिल्याच महिन्यात पुतळाबाईंनी तिच्यात मूठभर शिजलेला भात टाकला होता. पाव्हण्यांना उपाशी कसं ठेवायचं, असा त्यांचा सरळ प्रश्न होता. पाणी दुधासारखं झालं आणि ते निवळायला आठ दिवस लागले. ज्ञानेश्वरी ते विसरली नव्हती.

टाकी तिच्या वडिलांची. हौसेराव वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात तीस वर्षं माथाडी होते. मूळचे साताऱ्याकडचे, गळ्यात माळ, मासा कधी ताटात आला नाही. एका व्यापाऱ्यानं गाळा बदलताना ही टाकी कचऱ्यात काढली, ती हौसेरावांनी गोणपाटात गुंडाळली आणि पाठीवर घेऊन कोपरखैरण्याच्या आपल्या खोलीपर्यंत आणली. वाटेत दोनदाच टेकले म्हणे. कांद्याच्या गोणीपुढं काच म्हणजे काहीच नाही, असं सांगायचे. निवृत्तीनंतर त्यांचा सगळा दिवस त्या टाकीसमोर जायचा. पाणवेली लावल्या, तीन एंजल मासे आणले. चपटे, रुपेरी, काळ्या पट्ट्यांचे, लांब पंख हलवत अगदी सावकाश पोहणारे. "बघ की ज्ञानू, कुणाला कसली घाई न्हाई," ते म्हणायचे. आयुष्यभर घाईनं धावलेल्या माणसाला त्याचंच अप्रूप होतं.

तिच्या लग्नानंतर चार महिन्यांनी ते गेले. भाऊ गावी निघून गेला, खोली दुसऱ्याची झाली. माहेर म्हणून उरली ती ही टाकी. केतननं ती टेम्पोत, मासे वेगळ्या डब्यात घालून, उलव्याला आणली आणि हॉलमध्ये ठेवली. हॉलमध्ये पुतळाबाई झोपायच्या. पहिल्याच रात्री त्यांनी टाकीतल्या हवेच्या पंपाकडं बोट दाखवून विचारलं होतं, "ह्यो रातभर असाच घुरघुरनार?" त्या रात्रीपासून ज्ञानेश्वरी दहाच्या ठोक्याला पंप बंद करायची आणि सकाळी चहाचं आधण ठेवताना सुरू करायची. सासूबाईंची झोप मोडायला नको. नवीन घरात माणूस अशाच बारीकसारीक गोष्टींनी आपली जागा करतो, असं तिला वाटायचं. ही गोष्ट तिनं कुणाला बोलून दाखवली नाही.

*

रविवारी सकाळी तिला पुरावा सापडला. बेसिनपाशी पुतळाबाईंचा तांब्या उपडा होता, रोज देवाला पाणी भरायचा तो. तिनं तो सरळ केला तर आतल्या कडेला पाणवेलीचं लांबट हिरवं पान चिकटलेलं.

पुतळाबाई गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या. ज्ञानेश्वरी तांब्या घेऊन तशीच त्यांच्यापुढं उभी राहिली.

"हे काय आहे, आई?"

पुतळाबाईंनी पानाकडं बघितलं. हातातला टॉवेल झटकला.

"पान हाय."

"टाकीत तांब्या घातला होता तुम्ही. आणि मी विचारलं तर नाही म्हणालात."

"तू इचारलास टाकला का. टाकला कुठं काय?"

"आई, ती खेळायची वस्तू नाहीये. नळाचं पाणी तसंच घातलं तरी मरतात ते. साबणाचा हात लागला तरी मरतात. मी रोज मोजते, लिहून ठेवते, ते काय उगाच?" बोलता बोलता तिचा आवाज चढला आणि मग तो तिला खाली आणता येईना. "तुमच्या गावच्या तळ्यासारखं नाहीये हे. माझ्या बाबांची टाकी आहे ती. तेवढं एकच आहे माझं या घरात. प्लीज, हात लावू नका तिला."

शेजारच्या गॅलरीतल्या बाई कुंडीला पाणी घालायच्या थांबल्या.

पुतळाबाईंनी टॉवेलाला चिमटा लावला. दुसरा चिमटा लावला.

"बरा," त्या म्हणाल्या. "नाय लावनार."

बस, एवढंच. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. ज्ञानेश्वरीनं माळ्यावरचं टाकीचं काचेचं झाकण काढलं, पुसून टाकीवर बसवलं आणि त्यावर पितळी खलबत्ता ठेवला. तो ठेवताना तिला स्वतःची थोडी लाज वाटली. तरी ठेवला.

*

बुधवारी सकाळी तीनपैकी मोठा मासा पाणवेलींमध्ये आडवा तरंगत होता.

तिनं जाळीनं तो काढला आणि गॅलरीतल्या कढीलिंबाच्या कुंडीत पुरला. हा बाबांचा सर्वांत जुना. ते टाकीवर टिचकी मारायचे आणि हा समोर यायचा. तिनं रडू आवरलं, पंप सुरू केला, टिफिन भरला आणि कामाला गेली. आदल्या संध्याकाळचा आकडा सात होता. झाकण बंद होतं. कुणाचाही हात लागला नव्हता. मग मासा मेला कशानं?

म्हाप्याच्या ज्या प्रयोगशाळेत ती नोकरी करायची तिथं कारखान्यांच्या सांडपाण्याचे नमुने तपासायला येत. पाण्यातला प्राणवायू मोजणं हे तिचं रोजचंच काम, दिवसाला वीस-पंचवीस बाटल्या. त्या दुपारी हितेशनं, नमुने गोळा करण्यात दहा वर्षं मुरलेल्या गृहस्थानं, तिच्यापुढं सहा बाटल्यांचा क्रेट ठेवला. तिनं चिठ्ठ्या वाचल्या आणि क्रेट परत ढकलला.

"हितेशभाई, वेळ कुठाय?"

"मॅडम, तारीख टाकलीये ना."

"तारखेला काय करू? पाणी किती वाजता भरलं ते पाहिजे. सकाळचं पाणी वेगळं, दुपारचं वेगळं. वेळ नसेल तर माझ्या आकड्याला काडीचा अर्थ नाही."

"इतना काय टेन्शन घेता मॅडम," हितेश म्हणाला आणि पेन शोधायला लागला.

तिनं बाटल्यांवर वेळ लिहून घेतली आणि कामाला लागली. स्वतःच्या बोलण्याकडं तिचं लक्ष नव्हतं.

संध्याकाळी घरी आली तेव्हा जिन्यातच तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. दार उघडल्यावर कळलं. घरात माशाचा वास नव्हता. लग्न होऊन या घरात आल्यापासून, उपासाचे दिवस सोडले तर, असं कधी झालं नव्हतं. गॅसवर वरणाचं पातेलं होतं, बाजूला भोपळ्याची भाजी.

"आज बुधवार ना?" तिनं विचारलं. बुधवारी कोळीण दारावर यायची.

"आल्ती. परत धाडली," पुतळाबाई म्हणाल्या. "घरान मयत झालीय. आज म्हावरा नाय शिजवाचा."

ज्ञानेश्वरी बेसिनपाशी गेली आणि बराच वेळ तोंड धूत राहिली. मग तिनं टाकीचं पाणी मोजलं. चौदाव्या थेंबाला रंग गेला. तिनं पुन्हा बाटली भरली, पुन्हा मोजलं. चौदाच. कॅलेंडरावर सात लिहिताना तिला त्या आकड्याचा पहिल्यांदाच राग आला.

पुतळाबाई दिवाणावरून बघत होत्या. काहीतरी बोलायचं त्यांच्या तोंडाशी आलं असावं, कारण त्या उठून टाकीजवळ आल्या. खलबत्त्यापाशी थबकल्या. मग दोन्ही हात पाठीमागं घेऊन पुन्हा दिवाणावर जाऊन बसल्या.

*

शुक्रवारी पहाटे लाईट गेली. वैशाखातला उकाडा, पंखा थांबताच ज्ञानेश्वरीला जाग आली. उशी घामानं भिजली होती. ती पंख्याकडं बघत पडून राहिली, आणि पंख्याचा आवाज नव्हता म्हणूनच तिला तो दुसरा आवाज ऐकू आला. हॉलमध्ये कुणीतरी दबक्या आवाजात बोलत होतं.

"थांबा गो, थांबा वाईच. उठंल ती आता. उठंल."

तिनं दार हळूच लोटलं. गॅलरीतून उजाडायच्या आधीचा मळकट उजेड आत येत होता. पुतळाबाई टाकीसमोर उभ्या होत्या. हात पाठीमागं, एकमेकांत घट्ट अडकवलेले. डोकं काचेला टेकलेलं. किती वेळ उभ्या होत्या कुणास ठाऊक. पदराखालचा ब्लाउज घामानं पाठीला चिकटला होता.

"आई?"

पुतळाबाई दचकून मागं वळल्या.

"मी हात नाय लावला," त्या आधी हेच म्हणाल्या. "बग, नाय लावला."

ज्ञानेश्वरीनं मोबाइलची बत्ती लावली. उरलेले दोन्ही एंजल पाण्याच्या वरच्या कडेला, झाकणाच्या काचेखाली उभे होते. तोंडं वर करून भराभरा उघडत-मिटत होते. इतक्या घाईत तिनं त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

तिनं खलबत्ता उचलून खाली ठेवला, झाकण काढलं. पंपाचं बटण दाबलं आणि मग तिला लाईट नसल्याची आठवण झाली. हात सवयीनं बाटलीकडं गेला. तिनं बाटली भरली, बूच लावलं.

"अगो मोजतेस काय!" पुतळाबाई ओरडल्या. "आदी पानी घाल वरशी!"

"कसं घालायचं?"

प्रश्न विचारून ती तशीच उभी राहिली. मग बेसिनपाशी गेली, देवाचा तांब्या धुतला आणि पुतळाबाईंच्या हातात दिला.

"तुम्ही घाला."

पुतळाबाईंनी पदर खोचला. टाकीतलंच पाणी तांब्यात घेतलं, हात डोक्याच्या वर नेला आणि तांब्या कलता केला. करंगळीएवढी धार पाण्यावर पडली आणि खाली पांढऱ्या बुडबुड्यांचा झोत शिरला. पुन्हा तांब्या. पुन्हा धार. सत्तरीच्या बाईच्या हाताला कंप नव्हता. पाणी उडत होतं, कपाटावर ओघळत होतं, लादीवर साचत होतं, आणि ज्ञानेश्वरीला एकेक ओघळ ओळखू येत होता.

"धार बारीक पायजे," पुतळाबाई धापा टाकत म्हणाल्या. "मोठी धार नुसती धबकन पडतं. बारीक धार वारा घेऊन खाली जातं."

ज्ञानेश्वरी बत्ती हनुवटीखाली धरून थेंब मोजत होती. पाचव्या थेंबाला रंग गेला. तिला वाटलं चुकलं. नव्हतं चुकलं.

"अडीच," ती म्हणाली. "आई, अडीचच आहे."

"मना आकडा कनचा समजतं? त्यांची तोंडं बग."

तोंडं बघायची हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिच्याकडं पाणी बाटलीतून यायचं. सकाळचं पाणी वेगळं, संध्याकाळचं वेगळं, हे तिनं परवाच हितेशला ऐकवलं होतं; आणि घरी मात्र दहा महिने ती रोज संध्याकाळी साडेसातलाच मोजत होती. दिवसभराच्या उजेडात पाणवेलींनी पाणी ताजं केलेलं असायचं तेव्हा. अंधारात त्याच वेली माशांच्या वाटणीचा प्राणवायू खायच्या, उकाड्यानं पाण्यात मुळातच तो कमी, आणि पंप तिनं स्वतःच्या हातानं बंद केलेला. नोकरीतून काढून टाकावं अशी चूक होती.

"कधीपासून करताय तुम्ही हे?"

"शिमग्यापासून. ऊन तापला तशी वर याला लागली." पुतळाबाईंनी तांब्या दुसऱ्या हातात घेतला. "मी उठतंय पाचला. सवयच हाय."

"मला द्या. हात भरून आला असेल."

"तू थेंब टाक."

बऱ्याच वेळानं मासे कडेपासून हलले. आधी एक, मग दुसरा. मधल्या पाण्यात आले, पंख पसरले. पुतळाबाईंनी तांब्या खाली ठेवला आणि ओल्या लादीवरच बसल्या. ज्ञानेश्वरी त्यांच्या शेजारी बसली.

"आमचा तलाव व्हता घरामागं," पुतळाबाई म्हणाल्या. त्यांचं गाव विमानतळात गेलं त्याला आता बरीच वर्षं झाली होती आणि त्याबद्दल त्या फारसं बोलत नसत. "केतनचे आजोबांनी जिताडी मासली पालली व्हती त्यान. ही एवढी एवढी. मी सोला वर्साची, नवी नवरी. माजी सासू, बयाबाय, वैशाख लागला का मना पाचला उठवाची. दोगी जनी कमरेएवढ्या पान्यान उभ्या राव्हाचो. हंडीनं पानी घ्याचा, वरशी सोडाचा. उजाडस्तवर."

"रोज?"

"उन्हाल्यान रोज. येक दिवस तिला ताप आला. मना बोल्ली, आज तू एकली जा. मी बरा बोल्ले आन परत झोपले." त्यांनी पदराचं टोक पिळलं. "उठले तं सगला तलाव पांढरा. पोटं वर. माजे सासूनं मना येक शबूद नाय बोल्ला. बोल्ली असती तं बरा झाला असता."

ज्ञानेश्वरीनं मान खाली घातली.

"मला सांगायचं ना, आई. मी काहीही बोलले तरी सांगायचं."

"काय सांगू? तुजा आकडा रोज सात. तू शिकल्याली, मोठे कंपनीन पानी तपासतेस. मना वाटला, माजेच डोल्याना दिसतं, खरा तसा नसंल." त्यांनी ओल्या पदरानं तोंड पुसलं. "आन तू हात जोरून सांगलास, लावू नका. तुजे बापाची वस्तू."

"मी पंप बंद करत होते रात्री," ज्ञानेश्वरी म्हणाली. "तुमची झोप मोडते म्हणून."

"माजी? मी कवा बोल्ले?"

"पहिल्या दिवशी. घुरघुरतं म्हणालात."

"मी इचारला फकस्त! रातचे जाग येतं तं कायतरी आवाज असला का बरा वाटतं. केतनचा बापूस घोरायचा." पुतळाबाई तिच्याकडं बघत राहिल्या आणि मग त्यांना हसू फुटलं. "आन मना वाटला ती मशीन नुसती शोभेची. बुडबुडं दिसावं म्हनून लावतान."

ज्ञानेश्वरीही हसली, आणि हसता हसताच तिला रडू आलं. आठवडाभराचं, आणि त्याच्या आधीचंही. पुतळाबाईंनी आपला ओला हात तिच्या पाठीवर ठेवला. तो तसाच राहिला.

सात वाजता केतन रात्रपाळी करून आला. त्यानं दार उघडलं तर हॉलमध्ये तळं, आई आणि बायको दोघी चिंब, दिवाणावर बसून चहा पितायत.

"काय झालं? पाइप फुटला का?"

"काय नाय झाला," पुतळाबाई म्हणाल्या. "चपला बाहेर काढ. लादी पुसाचीय."

*

त्याच दिवशी ज्ञानेश्वरीनं नवा पंप आणला. दुकानदारानं बिनआवाजाचा दाखवला. तिनं थोडा आवाज करणारा मागितला, तेव्हा तो तिच्याकडं बघतच राहिला. आता पंप दिवसरात्र चालायचा. हॉलमध्ये मंद घुरघुर असायची आणि पुतळाबाईंना म्हणे छान झोप लागायची.

पण पाचला त्या उठायच्या त्या उठायच्याच. पहिल्या दिवशी ज्ञानेश्वरीनं बेडरूममधून ऐकलं. पावलं टाकीपाशी आली, थांबली. जरा वेळ काहीच झालं नाही. मग पावलं स्वयंपाकघरात गेली आणि परत आली. दिवाण करकरला. काम सुटलेल्या माणसाची ती चाल तिच्या ओळखीची होती. मार्केट सुटल्यावर पहिले दोन महिने बाबा पहाटे चारला उठून, डोक्याला टॉवेल गुंडाळून, खोलीच्या दारात बसून राहायचे.

दुसऱ्या दिवशी तिनं स्वतः पाचचा गजर लावला. बाहेर आली तेव्हा पुतळाबाई टाकीसमोर उभ्या होत्या, रिकाम्या हातांनी. ज्ञानेश्वरीनं दिवा लावला, बाटली पाण्यात बुडवली, आडवी केली, बूच लावलं. बुडबुडा नव्हता. थेंब टाकायला सुरुवात केली. पुतळाबाई तोंडानं पुटपुटत तिच्याबरोबर मोजत होत्या. दहापर्यंत आल्यावर त्या देवापाशी दिवा नीट करायला गेल्या.

तेराव्या थेंबाला रंग गेला. साडेसहा. पहाटे पाचला याहून चांगलं पाणी कुणी मागू नये.

"किती आला?" पुतळाबाईंनी देवापाशी उभ्या उभ्याच विचारलं.

ज्ञानेश्वरीनं बाटलीकडं बघितलं. एवढ्या वर्षांच्या नोकरीत तिनं अर्ध्या थेंबाचाही आकडा कधी इकडचा तिकडे केला नव्हता.

"चार," ती म्हणाली. "कमीच आहे."

पुतळाबाई टाकीजवळ आल्या. वाकल्या. दोन्ही एंजल तळाशी, वेलींच्या बुडाशी, पंख मिटून निवांत उभे होते. तोंडं मिटलेली. पुतळाबाईंनी त्यांच्याकडं बघितलं, मग सुनेकडं बघितलं. पदर खोचला.

ज्ञानेश्वरीनं तांब्या धुऊन त्यांच्या हातात दिला आणि दुसरा एक स्वतःसाठी घेतला. पुतळाबाईंनी हात डोक्यावर नेला, बारीक धार धरली.

"उद्या पन कमीच येल, बग," त्या म्हणाल्या.

"येईलच," ज्ञानेश्वरी म्हणाली आणि कॅलेंडराच्या चौकटीत चार लिहून आली.